उंदरात स्ट्रोक घडवून औषध तपासताना

मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर पेशी वाचवणारं औषध प्रयोगशाळेत सापडणं फारसं अवघड नाही. २००६ पर्यंत अशा १,०२६ उपचारांची मोजदाद झाली होती, आणि त्यातले बरेचसे प्राण्यांत गुणकारी ठरले होते. माणसांत मात्र जवळजवळ सगळे फसले. एनएक्सवाय-०५९ हे गाजलेलं उदाहरण. पहिल्या मोठ्या चाचणीत आशा दिसली आणि तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत ती मावळली. म्हणून खालची मांडणी औषध यशस्वी दिसावं यासाठी नाही. औषध न देताच मेंदू वाचतो अशा सगळ्या वाटा आधी बुजवायच्या, यासाठी आहे.

मॉडेल कोणतं घ्यायचं हे आधी ठरवा. फार्मसी कॉलेजांत मानेच्या दोन्ही मुख्य कॅरॉटिड धमन्या अर्धा तास बांधून सोडायची पद्धत स्वस्त आणि सोपी म्हणून चालते. पण रॅटच्या (या लेखात उंदीर म्हणजे रॅटच) मेंदूच्या तळाशी धमन्यांचं कडं पूर्ण असतं, मागच्या धमन्यांतून रक्त येत राहतं आणि इन्फार्क्ट, म्हणजे मेलेल्या ऊतीचा ठरावीक डाग, सहसा पडत नाही. त्या प्रयोगावरून फार तर ऑक्सिडेटिव्ह ताणाबद्दल बोलता येतं. त्याला स्ट्रोक म्हणू नका. स्ट्रोकच तपासायचा असेल तर मधली सेरेब्रल धमनी आतून फिलामेंटने, म्हणजे बारीक धाग्याने, अडवावी लागते.

संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरतानाच उंदरांच्या संख्येचा हिशेब द्यावा लागतो, तो अंदाजाने देऊ नका. समजा तुमच्या हातात इन्फार्क्टची सरासरी २०० घन मिमी येते, प्रमाण विचलन ६० आहे आणि ३० टक्के घट, म्हणजे ६० घन मिमीचा फरक, पकडायचा आहे. विचलनाला फरकाने भागा, वर्ग करा, १६ ने गुणा: ६०/६० चा वर्ग १, म्हणून गटात १६ उंदीर. पाचातला एक मरेल किंवा वगळावा लागेल असं धरलं तर २०. गटात सहा उंदीर घेऊन काढलेला ‘लक्षणीय’ फरक बहुतेकदा नशिबाचा असतो.

२५० ते ३०० ग्रॅमचे उंदीर घ्या. रात्रभर उपाशी ठेवा, पाणी मात्र द्या. रक्तातली साखर चढली की डाग मोठा होतो. भूल आयसोफ्लुरेनची: झोपवताना ४ टक्के, पुढे दीड ते दोन. तीही थोडीफार मेंदूरक्षक आहे, म्हणून प्रत्येक उंदराला भुलेखालचा वेळ सारखाच हवा. केटामिन-झायलाझिन टाळा. केटामिन स्वतःच एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे मेंदूपेशींना अति उत्तेजित करून मारणारी वाट, अडवतं आणि झायलाझिन साखर चढवतं. एक डाग लहान करतं, दुसरं मोठा, आणि तुमचं औषध मधल्या मध्ये सापडतं.

फिलामेंट ४-० नायलॉनचा, टोकाला सिलिकॉन चढवलेला, टोकाचा व्यास ०.३५ ते ०.३९ मिमी. ज्योतीवर टोक गोल करून घरी बनवता येतो, पण दहांतले दोन सारखे निघत नाहीत आणि कडक टोक धमनी फाडतं. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

मानेच्या मध्यावर चीर द्या, मुख्य कॅरॉटिड मोकळी करा. तिला चिकटून जाणारी व्हेगस नर्व्ह चिमट्यात पकडू नका, श्वास बिघडतो. बाहेरची कॅरॉटिड बांधून कापा, तिच्या बारीक फांद्या जाळून बंद करा, मुख्य आणि आतल्या धमनीवर क्लिप लावा. कापलेल्या खुंटातून फिलामेंट आत घाला आणि खुंट खाली वळवून तो आतल्या कॅरॉटिडमध्ये सरकवा. ही १९८९ ची लाँगा पद्धत. तीन वर्षं आधीच्या कोइझुमी पद्धतीत फिलामेंट थेट मुख्य कॅरॉटिडमधून जातो आणि ती कायमची बांधली जाते. नंतर फिलामेंट काढला तरी रक्त वळसा घालूनच येतं. औषधाचा दावा रक्त परतल्यावर होणाऱ्या इजेबद्दल असेल तर लाँगाच करा.

मुख्य कॅरॉटिडच्या दुभाजनापासून १८ ते २० मिमीवर हलका अडथळा जाणवतो. तिथे थांबा. १० मिमीच्या आतच अडलं तर तो आतल्या कॅरॉटिडला फुटणाऱ्या टेरिगोपॅलटाइन धमनीत शिरला आहे. मागे घ्या, टोक आतल्या बाजूला वळवून पुन्हा सरकवा. अडथळ्यानंतरही रेटलात तर धमनी फुटते. मेंदू काढल्यावर तळाशी काळपट रक्ताचा थर बसलेला दिसतो, तो उंदीर बाद.

अडवणूक झाली की नाही हे रक्तप्रवाह मोजणारा लेझर डॉप्लर सांगतो. प्रोब ब्रेग्माच्या (कवटीच्या वरच्या सांध्यांचा छेदबिंदू) मागे सुमारे २ मिमी आणि बाजूला ५ मिमी, पातळ केलेल्या कवटीवर. प्रवाह मूळच्या ३० टक्क्यांच्या खाली गेला पाहिजे आणि ९० मिनिटांनी फिलामेंट काढल्यावर परत चढला पाहिजे. ज्यांचा उतरत नाही त्यांना वगळायचं, पण हा नियम प्रयोगाआधी लिहून ठेवा. निकाल पाहून उंदीर वगळणं म्हणजे डाव संपल्यावर पत्ते बदलणं.

आता सगळ्यात जास्त लक्ष द्यायची गोष्ट: तापमान. मेंदू दोन-तीन अंशांनी थंड झाला तरी डाग लहान होतो, आणि कितीतरी औषधं उंदराला थंड करतात. एमके-८०१ या एनएमडीए अडवणाऱ्या औषधाने जर्बिलमध्ये (उंदरासारखा छोटा प्राणी) मेंदू वाचतो असं मानलं जात होतं; १९९० मध्ये ब्युकन आणि पल्सिनेली यांनी जर्बिलांचं तापमान धरून ठेवलं, तेव्हा तो बचाव उरला नाही. म्हणून गुदद्वारात थर्मामीटर, खाली त्याला जोडलेलं हीटिंग पॅड, शस्त्रक्रियाभर ३७ अंश, अर्ध्या अंशाची मुभा. आणि तिथेच थांबू नका. जाग आल्यावर सहा तास तरी दर तासाला नोंद करा; औषधाने होणारी तापमानाची घसरण बहुधा पिंजऱ्यात परतल्यावरच दिसतो. उलटही घडतं. अडवणूक लांबली आणि हायपोथॅलॅमसला, म्हणजे मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या केंद्राला, मार बसला तर तापमान ३९ च्या वर जातं, डाग वाढतो, आणि ताप उतरवणारं कुठलंही औषध ‘मेंदूरक्षक’ दिसू लागतं.

जाग आल्यावर, फिलामेंट आत असतानाच, शेपटी धरून उंदीर अलगद उचला. उजवी बाजू अडवली असेल तर डावा पुढचा पाय पोटाशी दुमडतो, उजवा जमिनीकडे लांबतो. खाली सोडल्यावर तो डावीकडे गोल फिरतो. काहीच झालं नाही तर फिलामेंट जागेवर नाही. लाँगा मोजपट्टीवर हे ० ते ४ असं नोंदवा, आणि नोंदवणाऱ्याला गट माहीत नसावा.

औषध कोणाला द्यायचं ते धमनी अडवल्यानंतर, बंद पाकिटातून ठरवा. ते कुपीत भरणारा एक, टोचणारा दुसरा. नियंत्रण गटाला सलाइन नव्हे, औषध ज्यात विरघळवलं तेच द्रव द्या. डीएमएसओ वापरलं असेल तर ते स्वतःच थोडं रक्षण करतं. अडवणुकीआधी दिलेला डोस यंत्रणा समजायला ठीक, पण रुग्ण स्ट्रोकच्या आधी दवाखान्यात येत नाही. रक्त परतताना आणि त्यानंतर एका व तीन तासांनी, असे वेगळे गट करा.

वेदनाशामक सगळ्यांना सारखं, त्वचेखाली सलाइन, पिंजऱ्याच्या तळाशी भिजवलेलं खाद्य. अर्धांगी उंदराला वरच्या जाळीपर्यंत तोंड नेता येत नाही, आणि उपासमारीने मेलेला उंदीर औषधाच्या खाती जमा होतो.

चोवीस तासांनी मेंदू काढून पाच-दहा मिनिटं फ्रीझरमध्ये घट्ट करा, साच्यात २ मिमीचे काप पाडा. टीटीसी या जिवंत ऊती रंगवणाऱ्या रसायनाचं द्रावण २ टक्के, म्हणजे १०० मिली बफरला २ ग्रॅम. अंधारात, ३७ अंशांवर, २० मिनिटं, मध्ये एकदा काप उलटून. जिवंत ऊती विटकरी लाल होते, मेलेली पांढरी राहते. सगळाच काप फिकट आला तर द्रावण उजेडात राहिलेलं असतं किंवा मेंदू काढायला वेळ लागलेला असतो. तीन दिवसांनंतर टीटीसी वापरू नका; घुसलेल्या दाहपेशीही रंग घेतात.

पांढरा भाग थेट मोजू नका, त्यात सूज मिसळलेली असते. निरोगी अर्ध्याचं क्षेत्र ६० चौ. मिमी, बाधित अर्ध्यातला लाल भाग ३८, तर इन्फार्क्ट २२. थेट मोजलात तर तोच २८ भरेल, आणि निव्वळ सूज उतरवणारं औषध पेशी वाचवणारं ठरेल.

निकाल चांगला आला तर तोच प्रयोग मादी, वयस्क आणि उच्च रक्तदाबाच्या उंदरांत, शक्यतो दुसऱ्या प्रयोगशाळेत करा. अल्टेप्लेस या गुठळी विरघळवणाऱ्या औषधासोबतही तपासा. २०२० मध्ये निकाल आलेल्या एस्केप-एनए१ चाचणीत नेरिनेटाइड हे मेंदूरक्षक पेप्टाइड अल्टेप्लेस घेतलेल्या रुग्णांत निष्प्रभ ठरलं, कारण अल्टेप्लेसमुळे तयार होणारं प्लाझमिन हे एन्झाइम नेरिनेटाइडचे तुकडे करतं. तुमचा रेणू पेप्टाइड असेल तर एवढी चाचणी परीक्षानळीत, उंदीर मागवण्याआधीच उरकता येते.