राउटर बदलताना या चुका टाळा

नवा राउटर हातात आला की पहिली चूक पाच मिनिटांत होते: जुन्याच्या वायरी काढल्या जातात. थांबा. जुना चालू असतानाच त्याच्या सेटिंगमधलं वॅनचं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नेटच्या जोडणीचं, पान उघडा आणि फोटो काढून ठेवा. जोडणी पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन सुरू होणारी) असेल तर तिथे युजरनेम दिसतं, कधी व्हीलॅन आयडी हा कंपनीने ठरवलेला आकडाही. पासवर्ड ठिपक्यांत झाकलेला असतो, तो नेट देणाऱ्या कंपनीकडून आधीच मागून घ्या. सगळं बरोबर भरूनही नेट येत नसेल, तर कंपनीने जोडणी जुन्या राउटरच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकाला, बांधून ठेवलेली असू शकते. त्यांना नवा कळवा, किंवा सेटिंगमधलं 'मॅक क्लोन' वापरा, त्याने नवा राउटर जुन्याचाच क्रमांक दाखवतो.

माझी एक अख्खी संध्याकाळ गेली ती वेगळ्याच गोष्टीत. नेट चालायचं, पण प्रिंटर कुठल्याच फोनला सापडेना. फायबरची वायर ज्यात येते तो कंपनीचा डबा स्वतःच राउटर होता आणि मी त्याला दुसरा राउटर जोडला होता. प्रिंटर एकाच्या वायफायवर, फोन दुसऱ्याच्या. हे ओळखायला सोपं आहे: नव्या राउटरचा वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर पुढे आणखी एक राउटर बसलाय. मग डबा ब्रिज मोडवर टाका (तो राउटरचं काम सोडून नेट नुसतं पुढे देतो), म्हणजे पीपीपीओईची माहिती नव्यात भरावी लागेल. नाहीतर नवा ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वायफाय देणारा म्हणून) चालवा आणि डब्याचं वायफाय बंद करा. घरातल्या वापराला दुसरा मार्ग पुरतो, आणि त्यात बिघडण्यासारखं कमी आहे.

वेग १०० एमबीपीएसच्या आसपास अडकलाय? राउटरला दोष देण्याआधी केबलचं पारदर्शक टोक उजेडात धरा. आत आठ रंगीत तारा दिसायला हव्यात. चारच असतील तर गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेग मिळणारच नाही, केबल बदला.

वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले तर घरातली बहुतेक उपकरणं आपोआप जोडली जातात. पासवर्ड कच्चा असेल तर मात्र आत्ताच बदला. एखादा जुना स्मार्ट प्लग रुसलाच, तर वायफायची सुरक्षा नुसत्या डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर आहे का पाहा. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय चालू असू द्या. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा ॲडमिनचा पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा.

जुना राउटर कुणाला देणार असाल तर आधी फॅक्टरी रीसेट करा. तुमचा वायफाय पासवर्ड अजून त्यातच आहे.