ठिबकचं अनुदान पोर्टलवर जमा, खात्यात मात्र नाही

राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर ठिबकच्या अर्जापुढे अनुदान दिल्याचं दिसत होतं, पण पासबुकात नोंद नाही. मोका तपासणी, बिलं, सातबारा सगळं झालेलं. बँकेत विचारलं तर "आधार लिंक आहे." केवायसी पुन्हा केली, कृषी कार्यालयात कागद पुन्हा दिले. चार महिने नुसते हेलपाटे.

मेख अशी की डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा सहसा खाते क्रमांकावर नाही, आधार क्रमांकावर जातो. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या संस्थेच्या नोंदीत आधारपुढे ज्या बँकेचं नाव, तिथेच पैसा. खात्याला आधार 'लिंक' असणं वेगळं, एनपीसीआयकडची ही नोंद म्हणजे 'सीडिंग' वेगळं.

काय केलं ते क्रमाने:

आधी मायआधारच्या साइटवर ओटीपीने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं. तिथे भलत्याच बँकेचं नाव! गॅस सबसिडीसाठी कधीकाळी उघडलेलं खातं, मी विसरूनही गेलो होतो.

मग त्या शाखेत गेलो. दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसल्याने खातं निष्क्रिय होतं. केवायसी देऊन सुरू करून घेतलं, पासबुक छापलं. अनुदानाची ओळ शेवटून दुसरी. रक्कम काढली.

त्यानंतरच रोजच्या बँकेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरला. त्यात 'दुसऱ्या बँकेतून बदल' यावर खूण करून जुन्या बँकेचं नाव लिहायचं आणि पोच घ्यायची. काही दिवसांनी तेच स्टेटस पुन्हा पाहिलं, नाव बदललं होतं.

शेततळ्यासारख्या पुढच्या अनुदानाच्या अर्जाआधी हे सीडिंग स्टेटस एकदा बघून ठेवा.