शिसेमुक्त पेरोव्स्काइटचा लाइफटाइम मोजताना या चुका टाळा

शिसेमुक्त पेरोव्स्काइट म्हणजे शिशाऐवजी टिन किंवा बिस्मथ असलेलं, सौर सेलसाठीचं अर्धवाहक स्फटिक. टिनच्या फिल्मचा लाइफटाइम (प्रकाशाने सुटे झालेले वाहक, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल, जुळून संपेपर्यंतचा वेळ) तीन-चार नॅनोसेकंद आला, की ‘ट्रॅप (वाहकांना अडकवणारे दोष) फार आहेत’ असं लिहून मोकळं व्हायची घाई होते. ट्रॅपवर आळ घेण्याआधी होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या, धनप्रभारी जागा) मोजा. फॉर्मामिडिनियम टिन आयोडाइडमध्ये टिनच्या जागा सहज रिकाम्या राहतात. द्विसंयुजी टिन चतुःसंयुजी होऊ लागलं की त्या वाढतात, आणि मुद्दाम काही न मिसळताही फिल्म पी-प्रकारची (होल जास्त असलेली) होते. समजा होलची घनता दर घन सेंटीमीटरला १० चा १८ वा घात आहे आणि प्रकाश देणाऱ्या पुनर्संयोगाचा गुणांक १० चा उणे १० वा घात (घन सेंटीमीटर प्रतिसेकंद) धरला. दोन्हींचा गुणाकार दर सेकंदाला १० कोटी, म्हणजे एकही ट्रॅप नसताना लाइफटाइम १० नॅनोसेकंदच!

होल मोजण्यासाठी हॉल मापन (चुंबकीय क्षेत्रातल्या व्होल्टेजवरून वाहक मोजणं), आणि तिथेही फसगत ठरलेली. सेलसाठी आयटीओवर (काचेवरच्या पारदर्शक वाहक थरावर) ओतलेलीच फिल्म मापनाला लावली, तर प्रवाह खालच्या आयटीओतून जातो आणि आकडाही त्याचाच येतो. नमुना साध्या काचेवर घ्या, चार कॉन्टॅक्ट सोन्याचे. चांदी नको, ती आयोडाइडशी प्रक्रिया करते.

होल कमी करायचं काम द्रावणापासूनच सुरू होतं. ०.८ मोलर द्रावणासाठी टिन आयोडाइड २९८ मिलिग्रॅम, फॉर्मामिडिनियम आयोडाइड १३७.६ मिलिग्रॅम आणि टिन फ्लोराइड १२.५ मिलिग्रॅम घ्या. विद्रावक ८०० मायक्रोलिटर डीएमएफ आणि २०० मायक्रोलिटर डीएमएसओ. फ्लोराइडचं हे प्रमाण टिनच्या १० मोल टक्के होतं. जास्त घातलं तर लाइफटाइम वाढत जाईल असं नाही, ते वेगळं साचून फिल्मवर डाग दिसू लागतात.

डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतं. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली उतरतो, तेव्हा सकाळी बाटली दगड झालेली दिसली तर नवल नाही. अर्धवट वितळलेल्यातून पिपेट भरू नका. बंद बाटली २५-३० अंशांवर पूर्ण वितळू द्या, मग मोजा. मात्र तयार द्रावण हॉटप्लेटवर ठेवणं ही वेगळी आणि मोठी चूक: गरम, आम्लधर्मी द्रावणात डीएमएसओच टिनचं ऑक्सिडेशन करतं. द्रावण खोलीच्या तापमानालाच ढवळा आणि त्याच दिवशी वापरा.

पावसाळ्यात फिल्म सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवून निर्धास्त होणारे बरेच. सिलिका जेल बाष्प शोषतं, ऑक्सिजन नाही. फिल्म ग्लोव्हबॉक्समध्येच (निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेटीत) ठेवा, ऑक्सिजन १ पीपीएमखाली. टिश्यू, चिंध्या, प्लास्टिकच्या टिपा रात्रभर निर्वातात ठेवूनच आत न्या. जूननंतर त्या भरपूर ओलावा धरतात. मापनासाठी नमुना मुंबई-पुण्याला पाठवायचा असेल तर वर दुसरी काच ठेवून कडा इपॉक्सीने आतच बंद करा. पोहोचल्यावर पहिलं मापन शेवटी पुन्हा घ्या. दोन वक्र (फिल्मचा प्रकाश वेळेनुसार मंदावण्याचे आलेख) जुळले नाहीत तर मधले आकडे टाकून द्या.

लेझरची तीव्रता न लिहिता दिलेला लाइफटाइम निरर्थक आहे. ५०० नॅनोमीटरचा, दर चौरस सेंटीमीटरला १ मायक्रोज्यूलचा स्पंद २५० नॅनोमीटर जाडीच्या फिल्मने पूर्ण शोषला, तर वाहकांची घनता दर घन सेंटीमीटरला १० च्या १७ व्या घाताएवढी होते. आधीचे होल याच्या दहापट असतील तर वक्र एकाच घातांकी दराने उतरताना दिसतो. होल याहून कमी असतील तर सुरुवातीचा उतार तीव्रतेबरोबर बदलतो. म्हणून तीव्रता किमान शंभरपट बदलून तीन-चार वक्र घ्या. तसंच, फुलरीनचा (इलेक्ट्रॉन ओढून घेणारा) थर दिल्यावर प्रकाश मंदावला म्हणून इलेक्ट्रॉन बाहेर गेले असं लगेच मानू नका. ते सीमेवरच होलशी जुळून संपत असतील.

बिस्मथकडे वळलं की चूक उलटी होते. सीझियम सिल्व्हर बिस्मथ ब्रोमाइडमध्ये मायक्रोसेकंदांची लांब शेपटी दिसते आणि सगळे खूश होतात. पण याचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन सुटा व्हायला लागणारी ऊर्जा) अप्रत्यक्ष, म्हणून प्रकाश देत जुळणं संथ; तो सुमारे २ इलेक्ट्रॉनव्होल्ट. आणि वाहक काही पिकोसेकंदांतच जाळीच्या कंपनांशी जखडले जातात. जिवंत असतात, पण हलत नाहीत. विसरणाची लांबी (वाहक संपण्याआधी किती दूर जातो) लाइफटाइम आणि विसरण गुणांक यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ असते. टिनमध्ये चलनशीलता २० (वर्ग सेंटीमीटर प्रतिव्होल्ट-सेकंद) धरली, तर ५ नॅनोसेकंदांतही सुमारे ५०० नॅनोमीटर पल्ला मिळतो. बिस्मथच्या लाइफटाइमशेजारी टेराहर्ट्झ किंवा मायक्रोवेव्ह वाहकतेचा वक्र (वाहक अजून हलतात का, हे दाखवणारा) ठेवा; तो पिकोसेकंदांतच घसरत असेल, तर सूत्रात सुरुवातीची चलनशीलता घालू नका.