नाटकातले माइक कन्सोलकडून चालू-बंद कसे करून घ्यावेत

दहा-बारा कॉलर माइकचं नाटक असलं की मिक्सरवर बसलेल्याचे दोन्ही हात म्यूटच्या, म्हणजे माइक बंद करण्याच्या बटणांतच अडकतात. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, हलवायला हात उरत नाही, आणि विंगेत गेलेल्या नटाचं खोकणं थेट शेवटच्या रांगेत ऐकू जातं. डिजिटल कन्सोल, म्हणजे डिजिटल मिक्सर, ही बटणं स्वतः दाबू शकतो. फेडर मात्र त्याच्या हवाली करू नका. वाक्य किती जोरात पडेल हे दर प्रयोगाला बदलतं. कोण कधी रंगमंचावर येणार हे बदलत नाही.

पहिलं काम मिक्सरपासून लांब, तालमीच्या खोलीत होतं. संहितेची एक प्रत घेऊन पेन्सिलने प्रत्येक प्रवेश आणि एक्झिट टिपा. उघड्या माइकची यादी जिथे बदलते, तिथे एक क्यू, म्हणजे बदलाची खूण. खूण प्रवेशाच्या जागी नको, त्याआधीच्या वाक्यावर करा. कारण आपल्याकडे नट आत येतो तो बोलतच येतो. फार आधी उघडलात तर विंगेतली कुजबुज सभागृहभर होईल, म्हणून एखादं वाक्य पुरे. बंद करताना उलट: नट पूर्ण विंगेत जाऊ द्या, मग म्यूट. जाता जाता टाकलेला टोमणा अर्ध्यात तुटला की टाळी गेली!

आता कन्सोल. चॅनेलना पात्रांची नावं द्या. नटांची नकोत, कारण बदली नट येतोच. गेन (माइकच्या सिग्नलची पातळी) आणि ईक्यू (आवाजाचा पोत) बसवा, सगळे माइक म्यूट करा आणि हा पायाचा सीन म्हणून साठवा. सीन म्हणजे नाटकातला प्रवेश नव्हे, कन्सोलच्या त्या क्षणीच्या मांडणीची साठवलेली प्रत.

खरा घोळ पुढे आहे. सीन साठवताना कन्सोल फक्त म्यूट साठवत नाही. फेडर, ईक्यू, सेंड (चॅनेलचा आवाज रिव्हर्ब वगैरेंकडे किती जातो ते) सगळं साठवतो. मग दुसऱ्या अंकात तुम्ही हाताने वर घेतलेला फेडर पुढच्या क्यूला टपकन जुन्या जागी जाऊन बसतो. म्हणून सीन बोलावल्यावर काय बदलावं आणि कशाला हात लावू नये, हे आधी ठरवून द्यावं लागतं. नागपुरात भाड्याने सहज मिळणाऱ्या बेहरिंगर एक्स ३२ वर सीनच्या स्क्रीनमध्ये ‘पॅरामीटर सेफ’ आहे. यामाहाच्या कन्सोलवर ‘रिकॉल सेफ’ किंवा ‘फोकस’ शोधा. म्यूट सोडून बाकी सगळं सेफ करा, म्हणजे सीन बोलावला तरी ते हलणार नाही. प्रीअँप (माइकचा सिग्नल आत घेणारा भाग) तर हमखास, कारण माइकला केबलमधून मिळणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर मध्येच चालू-बंद झाला तर स्पीकरमधून धाडकन आवाज येतो. निवेदकाचा माइक आणि पार्श्वसंगीताचे चॅनेल पूर्णच सेफ ठेवा. एक लक्षात असू द्या: नव्या सभागृहात पायाचा सीन लोड करताना सेफ काढावं लागतं, नाहीतर म्यूटशिवाय काहीच लोड होणार नाही. लोड झाल्यावर परत लावा.

मग संहितेतल्या खुणांप्रमाणे एकेक सीन साठवत चला. नावात पात्र आणि खूण केलेल्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द लिहा. ‘सीन १४’ वाचून अंधारात काही कळत नाही. मध्ये मोकळे क्रमांक सोडा, दिग्दर्शक रंगीत तालमीतही प्रवेश बदलतो. ‘पुढचा सीन’ हे काम हाताजवळच्या एका युजर बटणाला नेमून द्या.

संगीताच्या लॅपटॉपवरून मिडी प्रोग्राम चेंज (उपकरणांनी एकमेकांना द्यायचा इशारा) पाठवूनही सीन बदलता येतात. हौशी प्रयोगाला मी ते सुचवणार नाही. एक जण चुकला की दोघांचं काम कोलमडतं.

रंगीत तालीम पूर्ण माइक लावूनच करा. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या मोठ्या रंगमंचावर नटाला आत यायला तालमीच्या खोलीपेक्षा जास्त पावलं लागतात, तेव्हा काही खुणा सरकवाव्याच लागतील. रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) असेल तर म्यूट माइकच्या चॅनेलवर करा, घुमारा परत येतो त्या रिव्हर्बच्या रिटर्नवर नाही. तिथे केलंत तर घुमाऱ्याची शेपूट कापली जाते.

नट दोन पानं गाळेल, हे धरूनच चला. अशा वेळी ‘पुढचा’ पटपट दाबत बसू नका. मधल्या प्रत्येक सीनला भलतेच माइक उघडतील. यादीतून हवा तो सीन निवडून थेट बोलवा. त्यासाठी सीनची छापील यादी संहितेच्या पानांच्या क्रमांकांसह मिक्सरवर चिकटवलेली हवी. एक म्यूट ग्रुप, म्हणजे एका बटणाने सगळं बंद करणारा गट, सगळ्या माइकसाठी राखून ठेवा, स्पीकरची शिट्टी सुटली तर तोच कामी येतो. प्रयोग संपला की शो फाइल (सगळे सीन असलेली फाइल) पेन ड्राइव्हवर घ्या. भाड्याचा कन्सोल उद्या लग्नाच्या ऑर्केस्ट्राला जाणार असतो.