भाषण राहू द्या, व्हाउचर दाखवा

पुण्यात पस्तीस वर्षं ऑडिट केलं, आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला मुलाकडे असतो आणि मतही इथेच देतो. मागच्या वर्षी जेवणाच्या टेबलावर रोज एकच वाद: कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या सवलतींबद्दल इथले गव्हर्नर न्यूसम यांची भूमिका काय? मुलगा म्हणे, "न्यूसम बिनकागदाच्या लोकांना सगळं फुकट वाटतो." सून म्हणे, "उलटला तो, वाऱ्यावर सोडलं त्यांना." मी पेन्सिल घेऊन बसलो. तुम्हालाही एखाद्या नेत्याची भूमिका तपासायची असेल, तर असं करा.

आधी 'सवलती' हा शब्द फोडा. पोरांना शाळेत घ्यावंच लागतं, तो 1982चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. इमर्जन्सीत आलेल्याला तपासावंच लागतं, तो 1986चा केंद्राचा कायदा. फूड स्टॅम्प, म्हणजे केंद्राची अन्नमदत, त्यांना मिळतच नाहीत. यात गव्हर्नरच्या मताला काडीची किंमत नाही, म्हणून हे सगळं खोडा. उरतं ते राज्य स्वतःच्या खिशातून देतं ते, म्हणजे मुख्यतः मेडी-कॅल, कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा.

आता वही उभी दुमडून दोन रकाने करा: 'म्हणाले' आणि 'मंजूर झालं'. खरी गंमत इथेच आहे. न्यूसमच्या काळात 2020 मध्ये 19 ते 25 वयाच्यांना मेडी-कॅल मिळालं, 2022 मध्ये पन्नाशीपुढच्यांना, 1 जानेवारी 2024 पासून मधल्यांनाही. मग मे 2025 मध्ये राज्याच्या बजेटमध्ये 12 अब्ज डॉलरची तूट पुढे आली आणि न्यूसम स्वतःच म्हणाले, जानेवारी 2026 पासून प्रौढांची नवी नोंदणी बंद, 2027 पासून महिना 100 डॉलर हप्ता. मुलाच्या फोनवरच्या स्क्रीनशॉटमध्ये हाच 100चा आकडा होता. पण जूनमध्ये मंजूर झाले 30, तेही जुलै 2027 पासून आणि फक्त 19 ते 59 वयासाठी. नोंदणीबंदी मात्र राहिली. आत असलेल्यांना त्या बंदीनं बाहेर काढलं नाही, मुलं आणि गरोदर बायका तिच्यातून वगळल्या. म्हणजे टेबलावरचे दोघेही अर्धे-अर्धे चूक.

आमदाराचं मत हवं असेल, तर विधिमंडळाच्या साइटवर विधेयकाचा नंबर टाकून 'व्होट्स' उघडा. नंबर शोधताना 'स्थलांतरित' शब्द शोधू नका. असे बदल बजेटच्या शेपटाला बांधलेल्या जाडजूड विधेयकांत असतात, आणि त्यांच्या नावात नुसतं 'आरोग्य' असतं.

सिटी कौन्सिलच्या उमेदवाराला मात्र हे विचारू नका, मेडी-कॅल त्याच्या हातात नाही. मी विचारलं होतं. बिचारा दारात उभा राहून दहा मिनिटं बोलला.