डीएस लाइटवर ब्राउझर घेताय? आधी खालचा स्लॉट बघा

डीएस लाइट म्हणजे निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं गेम मशीन. त्याच्या खालच्या स्लॉटमध्ये जे काही बसलंय ते नखाने ओढून बाहेर काढा आणि त्याच्या कडेला सोनेरी पट्ट्या आहेत का ते बघा. बाकी सगळं नंतर. मी एवढंच केलं नाही, आणि लॅमिंग्टन रोडला दोन चकरा झाल्या.

निन्टेंडो डीएस लाइटमध्ये ब्राउझर मुळात नसतो. ऑपेरा कंपनीचा ब्राउझर वेगळ्या कार्डावर मिळायचा, जपानात 2006 साली आला. त्याच्यासोबत एक मेमरी पॅक. मशीनची स्वतःची रॅम फक्त 4 एमबी, तेवढ्यात भागत नाही, म्हणून पॅक खालच्या स्लॉटमध्ये, म्हणजे जुन्या गेमबॉय ॲडव्हान्स मशीनच्या गेमसाठी असलेल्या खाचेत, घालायचा. पॅक नसेल तर कार्ड चालतच नाही. सेकंडहँडवाले बऱ्याचदा नुसतं कार्ड गळ्यात मारतात. मी विचारलं होतं, बरं का! दुकानदाराने माझंच मशीन उलटं करून दाखवलं, "लगा हुआ है ना, साहब." होतं खरं काहीतरी. विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या काढून बघितलं, तर धूळ जाऊ नये म्हणून मशीनसोबतच येतं ते पोकळ प्लास्टिकचं झाकण. हातात घेतल्यावर वजनच लागत नाही त्याला. म्हणून परत सांगतो: काढा, बघा, सोनेरी पट्ट्या.

पॅकही दोन प्रकारचे, जुन्या जाड डीएसचा वेगळा आणि लाइटचा वेगळा. आपलं मशीन सोबत न्या, घालून, चालू करून, मगच पैसे द्या. डीएसआय, म्हणजे लाइटनंतरचं मॉडेल, असेल तर कार्डाच्या नादी लागू नका, त्याला हा स्लॉटच नाही. त्याचा ब्राउझर फुकट उतरवता यायचा, पण निन्टेंडोचं ते ऑनलाइन दुकान 2017 साली बंद झालं. आधीपासून आत असला तर नशीब. जपानी कार्ड लाइटवर चालतं, मेन्यू मात्र जपानी. वाचता येत असेल तर घ्या.

आता वायफाय. लाइटला पासवर्डवालं नेटवर्क फक्त डब्ल्यूईपी या जुन्या कुलपाचं कळतं. त्यासाठी घरचा राउटर डब्ल्यूईपीवर नेऊ नका, ते कुलूप काही मिनिटांत तुटतं आणि आपल्याकडे भिंतीला भिंत लागून शेजार. माळ्यावरचा जुना राउटर काढा, काम झालं की बंद करा. नव्या राउटरमध्ये डब्ल्यूईपी बहुतेक सापडणारच नाही.

चार्जर, स्टायलस घ्या. हल्लीच्या सुरक्षित (एचटीटीपीएस) साइट उघडणार नाहीत, बँकेचं नाव काढू नका. फ्रॉगफाइंडसारखं साधं मजकुराचं पान लावून बघा. व्हिडिओ विसरा.

आणि पॅक. बघितलात का? झाकण नाही ना ते?