सदतीस की त्र्याहत्तर? मुलांना दोन अंकी संख्या शिकवताना

दुसरीतल्या मुलाला 'सदतीस' लिहायला सांगा आणि त्याच्या पेन्सिलीकडे नीट बघा. बरीच मुलं आधी 7 काढतात, मग त्याच्या डावीकडे 3 घुसवतात. काही जण सरळ 73 लिहून मोकळी होतात. मराठीत सात आधी ऐकू येतात आणि तीस नंतर, पण लिहिताना तीन आधी. कानडी-तेलुगूत दशकच आधी बोलतात.

खराट्याच्या काड्या तोडून घ्या आणि थोडे रबर. सदतीस काड्या मुलासमोर ओता. दहा-दहा मोजून गठ्ठे त्यालाच बांधू द्या. रबर निसटेल, एखाद्या गठ्ठ्यात अकरा निघतील, वेळ जाईल. जाऊ द्या. आयते गठ्ठे दिले तर दहा सुट्या काड्या आणि एक गठ्ठा सारखेच, हे त्याला नुसतं ऐकून मानावं लागतं.

आता विचारा, किती? "तीन गठ्ठे, सात सुट्या." म्हणजे तीस सात. म्हणजेच सदतीस. याच क्रमाने, रोज चार-पाच संख्या.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! जुने शब्द पुस्तकातून गेले नव्हते, हे त्या गोंधळात हरवलं. माझं मत विचाराल तर 'तीस सात' ही कुबडी उत्तम. पण भाजीवाला 'सदतीस' म्हणणार, तेव्हा तोही शब्द हवाच.

लिहिण्यासाठी पुठ्ठ्याच्या एका पट्टीवर 30 आणि अर्ध्या रुंदीच्या तुकड्यावर 7 लिहा. सात शून्यावर ठेवला की 37 दिसतात. तुकडा उचलला की खालचं शून्य पुन्हा दिसतं.

'एकोण'ला मात्र वेगळा दिवस ठेवा. तीन गठ्ठे घ्या, एकाचा रबर सोडा, एक काडी काढा: तिसाला एक उणी, एकोणतीस. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हेच चालतं. नव्व्याण्णव तेवढा फटकून वागतो.

शेवटी उलट्या जोड्या: पंचवीस-बावन्न, शेहेचाळीस-चौसष्ट. अडतीसचे 83 लिहिले तर 'चूक' म्हणू नका. "एवढ्या काड्या आण बघू," म्हणा. आठ गठ्ठे बांधायची वेळ आली की खोडरबर तो स्वतःच शोधतो.